माहिती देणाऱ्याची सही

सहलवाले भाऊ बायकोला वृद्धांच्या संस्थेत नेऊन टाकणार आहेत, ही बातमी सोमवारी सकाळी पहिल्या मजल्यावर तयार झाली आणि दुपारची भांडी घासून व्हायच्या आत गच्चीपर्यंत पोचली. बातमीला पुरावा होता. पहिल्या मजल्यावरच्या काकूंची गॅलरी भाऊंच्या खिडकीच्या बरोबर वर येते आणि काकूंचे कान गॅलरीच्याही दोन हात पुढे असतात. भाऊ फोनवर बोलताना त्यांनी स्वतः ऐकलं होतं. "खोली खालीच पाहिजे... नाही हो, तिला पायऱ्या जमत नाहीत... कमोडशेजारी धरायला दांडा आहे का? बरं, उचलायची वेळ आली तर तुमच्याकडे माणूस असतो का?" एवढं ऐकल्यावर आणखी काय ऐकायचं उरतं? काकूंनी गॅस बंद केला, पदरचं थोडं घातलं आणि जिना गाठला.

संध्याकाळी तिघीजणी लांब चेहरे करून वहिनींना भेटायला गेल्या. एकीनं तर स्वतःची जुनी शाल सोबत घेतली होती, तिकडे थंडी वाजेल म्हणून. वहिनी चाकाच्या खुर्चीत बसून कपड्यांच्या घड्या घालत होत्या. सगळं ऐकून घेतल्यावर त्या म्हणाल्या, "संस्थेत? मला कोण घेतंय? तिथल्या नोंदवहीतल्या चुका मी पहिल्याच दिवशी काढीन. समुद्रावर चाललोय आम्ही. दोन दिवस."

ऐकून तिघींना खरं तर आनंद व्हायला हवा होता. पण डोळे पुसून आलेल्या माणसाला आनंद पटकन जमत नाही. शाल तशीच परत गेली.

आता हे भाऊ कोण, ते सांगायला हवं. एकतीस वर्षं त्यांनी एकाच मार्गावर सहलीची गाडी चालवली. शनिवारी पहाटे चाळीस माणसं भरायची, दुपारी समुद्र, संध्याकाळी दीपगृह, रविवारी जुना किल्ला, आणि रात्रीपर्यंत परत. शरीरानं आडवे, मानेनं आखूड, आणि निवृत्त होऊन सात वर्षं झाली तरी बोलता बोलता उजवीकडे वर बघायची सवय गेलेली नाही. तिथे आरसा असायचा. समोरचा माणूस काय बोलतो यापेक्षा मागे कोण काय बोलतंय यावर त्यांचं लक्ष जास्त.

आणि गोष्टी सांगाव्यात तर भाऊंनीच. समुद्राच्या तर इतक्या, की इमारतीतल्या निम्म्या पोरांनी पाणी न बघताच त्यावर शाळेत निबंध लिहिले. भरतीला वाळू पायाखालून कशी सरकते, दीपगृहावरून बोटी कशा मुंग्यांसारख्या दिसतात, किल्ल्यात टाळी वाजवली की पलीकडच्या भिंतीतून ती कशी परत येते. दर खेपेला बायकोसाठी चार शिंपले आणायचे. ते काचेच्या बरणीत साठत गेले. बरणी दर्शनी कपाटात, लग्नाच्या फोटोशेजारी.

वहिनी स्वतः कधी गेल्या नाहीत. आधी मुलगी लहान, मग सासू अंथरुणाला, मग नोकरी. मोठ्या दवाखान्यात बावीस वर्षं त्यांनी केसपेपर काढले. नाव, वय, पत्ता, काय होतंय, कधीपासून, आणि सगळ्यात खाली माहिती देणाऱ्याची सही. खिडकीसमोर माणूस कण्हत असला तरी वहिनी सही घेतल्याशिवाय कागद आत सोडत नसत. "आता तुम्ही कण्हताय, उद्या म्हणाल मी असं बोललोच नव्हतो," असं त्या तोंडावर सांगायच्या. इमारतीत त्यांचं नावच पडलं केसपेपर वहिनी.

तीन वर्षांपूर्वी पाठीच्या मणक्याचं निमित्त झालं, ऑपरेशन झालं, आणि डावा पाय उचलेनासा झाला. घरात वॉकर, बाहेर खुर्ची. दाराशी दोन पायऱ्या आहेत. त्यांवर भाऊंनी फळी ठोकून उतार केलाय, आणि पावसात घसरू नये म्हणून तिच्यावर जुन्या टायरचे तुकडेही बसवलेत. तो उतार मात्र अव्वल आहे. मत्सरी माणसंही ते मान्य करतात.

पण गेलं वर्षभर त्या उतारावरून वहिनी फक्त दवाखान्यात गेल्या. त्याला कारण भाच्याचं लग्न. भाच्यानं फोनवर सांगितलं होतं, "मामी, बिनधास्त या, दोनच पायऱ्या आहेत." होत्या एकोणीस. चौघांनी खुर्ची उचलली. अकराव्या पायरीवर एकाचा फोन वाजला आणि त्यानं एक हात सोडला. खुर्ची कलली. वहिनी पडल्या नाहीत, पण पट्ट्याला लोंबकळल्या, कपडे गुडघ्यावर, चप्पल खाली. सगळा हॉल नवरी सोडून त्यांच्याकडे बघत होता. परतीच्या वाटेवर त्या एवढंच म्हणाल्या, "पोरगं वाईट नाही. त्यानं मोजल्या नव्हत्या, एवढंच." त्यानंतर कुणी नुसतं "दोनच पायऱ्या" म्हटलं की त्यांची मूठ खुर्चीच्या हातावर आवळली जायची.

मग गेल्या महिन्यात डॉक्टरांनी सांगितलं की दुसरं ऑपरेशन करावं लागेल. कळ थांबेल, पण आज कुणाला तरी धरून मिनिट-दोन मिनिटं उभं राहता येतं, ते नंतर राहीलच असं नाही. वहिनी घरी येऊन पाणी प्यायल्या, ग्लास खाली ठेवला आणि म्हणाल्या, "मग त्याआधी एकदा पाण्यात उभं राहायचंय."

"कुठल्या पाण्यात?" भाऊ म्हणाले.

"तुमच्या समुद्राच्या. बसायचं नाही. उभं राहायचंय."

भाऊंनी खाली ठेवलेला ग्लास उचलून पुन्हा तिथेच ठेवला. मग म्हणाले, "हात्तिच्या, एवढंच ना? माझ्या पायाखालचं आहे ते सगळं."

दुसऱ्या दिवशी वहिनींनी मुलीच्या जुन्या वहीची पानं फाडली, पट्टीनं रेघा मारल्या आणि प्रत्येक ठिकाणाचा एकेक केसपेपर केला. भाऊंना समोर बसवलं.

"ठिकाण, किनारा. गाडी थांबते तिथून पाण्यापर्यंत अंतर?"

"जवळच आहे गं."

"जवळ म्हणजे काय? पेशंटचं वय मी 'बरंच' असं लिहून घेत नव्हते."

"शंभर पावलं धर."

"तुमची की माझी?"

"माझी."

"खाली जमीन कसली?"

"वाळू. म्हणजे आधी फरशी, मग वाळू."

"पायऱ्या?"

भाऊंनी उजवीकडे वर बघितलं. तिथे आरसा नव्हता. कोळ्याचं जाळं होतं.

"पायऱ्या कसल्या? सपाट आहे. हातगाडी जाईल."

वहिनींनी लिहिलं, पायऱ्या नाहीत. त्याखाली एक रेघ ओढली आणि कागद वळवून पुढे केला. "इथं सही. माहिती देणारा. नातं, नवरा."

"घरातल्या घरात सही कशाला?"

"बिनसहीचा कागद मी कधी आत घेतलेला नाही."

"चष्मा कुठं ठेवला कोण जाणे," म्हणत भाऊ उठले. चष्मा त्यांच्या कपाळावर होता. "टायरमधली हवा बघून येतो," असं पुटपुटत ते बाहेर पडले. घरात खुर्चीला सोडून कशाला टायर नाहीत, आणि खुर्ची वहिनींच्या खाली होती.

आता भाऊंच्या पोटातलं सांगते, कारण ते त्यांनी नंतर स्वतःच कबूल केलं. एकतीस वर्षांत ते समुद्रावर एकदाही गेले नव्हते.

मालकाचा नियम होता की ड्रायव्हरनं गाडी सोडायची नाही. प्रवाशांच्या पिशव्या आत असतात. पहिल्या वर्षी एकदा भाऊ मोह आवरेना म्हणून खाली निघाले होते. वीस पावलं गेले नसतील, तोवर कुणाची तरी बॅग गेली. महिनाभर मालकानं त्यांना गाडीवरून उतरवलं. तेव्हापासून चाळीस माणसं खिदळत खाली जायची आणि भाऊ काचा लावून, सीट मागे पाडून झोप काढायचे. परतीचा रस्ता घाटाचा होता, झोप लागतच होती. दुपारी दोनला गाडीतळावर कुठल्या झाडाची सावली कुठवर येते ते त्यांना इंचाइंचानं माहीत. झाडाच्या पलीकडे काय आहे ते माहीत नाही.

गोष्टी कुठून आल्या? मागच्या सीटवरून. ओली, दमलेली माणसं परतताना बोलायची आणि भाऊ आरशात बघून ऐकायचे. पहिल्यांदा घरी सांगितलं तेव्हा "लोक म्हणत होते" असं म्हणाले होते. दुसऱ्या खेपेला "लोक" गळले. बायकोचे डोळे असे काही मोठे व्हायचे की गळलेले लोक परत आणायला जीव होईना. सहलीला नेता येत नाही, निदान गोष्ट तरी न्यावी, एवढाच हेतू. मग त्या गोष्टीवर दुसरी चढली, दुसरीवर तिसरी. वहिनींनी त्या दवाखान्याच्या खिडकीत बसून कितीतरी घाबरलेल्या पेशंटना सांगितल्या. "आमचे हे सांगतात ना," अशी सुरुवात करून.

भाऊंनी कोपऱ्यावर जाऊन गाडीतळावरच्या चहावाल्याला फोन लावला. जुनी ओळख.

"अरे, खाली समुद्रावर जायला पायऱ्या आहेत का रे?"

"असतील की."

"असतील म्हणजे? तू तिथं पंचवीस वर्षं आहेस."

"मी दुकानात आहे भाऊ. खाली कशाला जाऊ? दूध कोण बघणार?"

भाऊंना हसावं की रडावं कळेना. शेवटी चहावाल्यानं एका गिऱ्हाइकाला गळ घातली, आणि पाऊण तासानं उलट फोन आला. "त्रेसष्ट आहेत म्हणे. मधली एक तुटलेली. कठडा नाही."

त्रेसष्ट. भाऊ रस्त्याच्या कडेला, बंद दुकानाच्या ओट्यावर बसून राहिले. एकोणिसांत काय झालं होतं ते त्यांनी डोळ्यांनी बघितलं होतं. खुर्चीचा मागचा हात त्यांच्याच हातात होता.

सांगून टाकावं, असं त्यांनी त्या दिवशी सहा वेळा ठरवलं. दुसऱ्या दिवशी चार वेळा. ऑपरेशनच्या आधीचे दिवस मोजके, आणि वहिनी रोज सकाळी पलंगाचा कठडा धरून उभं राहायचा सराव करत होत्या. घड्याळ लावून. एक मिनिट दहा सेकंद. एक मिनिट पंचवीस. भाऊंना वाटायचं काही तरी निघेल. पाऊस लागेल, गाडी मिळणार नाही, मुलगीच नको म्हणेल.

मुलीचा फोन आला खरा. पण ती म्हणाली, "बाबा, मला धास्ती वाटत होती. पण आई म्हणाली, 'दुसऱ्या कुणाच्या शब्दावर मी आता उंबऱ्याबाहेर पाय टाकणार नाही. ह्यांनी स्वतः बघितलंय, म्हणून जाते.' मग मी काही बोलले नाही. तुम्ही आहात ना तिथे."

"हो," भाऊ म्हणाले आणि त्यांनी फोन ठेवला.

दुपारी वहिनी पिशवी भरत होत्या. जादा टॉवेल, वॉकरच्या पायांना लावायच्या रबराच्या टोप्या. भाऊ समोर स्टुलावर बसले. हातात तो कागद, चार ठिकाणी घडी पडलेला.

"मी सही करू शकत नाही."

"का?"

"त्रेसष्ट पायऱ्या आहेत."

वहिनींची मूठ खुर्चीवर आवळली. "मग सपाट कुणी सांगितलं?"

"मीच. अगं, मी खाली गेलोच नाही कधी. एकदाही नाही. मी गाडीत असायचो."

बाहेर कुणीतरी गालिचा झटकत होतं. तो झटकून झाल्यावर वहिनींनी विचारलं,

"दीपगृह?"

"नाही."

"किल्ल्यातली टाळी?"

"नाही. लोक सांगायचे."

त्यांनी कपाटाकडे बघितलं. "आणि शिंपले?"

"सीटखालचे. गाडी झाडताना सापडायचे."

वहिनींनी कागद हातातून घेतला. फाडला नाही. दवाखान्यातल्या कागदावर चूक झाली तर फाडायचं नसतं, एक रेघ मारून शेजारी स्वतःची सही करायची असते. तशी त्यांनी रेघ मारली, तशी सही केली आणि कागद पिशवीत ठेवला. मग पिशवीतला टॉवेल काढून पुन्हा कपाटात.

पुढचे चार दिवस घरात फक्त प्रश्नोत्तरं झाली. "गोळ्या?" "घेतल्या." "दूध?" "आणलं." पहिल्या मजल्यावरच्या काकूंनी गॅलरीत ताटकळून ताटकळून मान अवघडून घेतली, हाती काही लागलं नाही. सकाळचा सराव थांबला. बरणी कपाटातच राहिली, पण तिच्यावर एक चिठ्ठी डकवलेली दिसली, वहिनींच्या केसपेपरच्या अक्षरात. "सीटखालून. एकतीस वर्षे." भाऊ तिच्या समोरून जाताना दुसरीकडे बघायचे.

मुलगी म्हणाली, झालं तेवढं पुरे, रद्द करा. भाऊही म्हणाले, रद्द करू. पाचव्या दिवशी वहिनींनी कोरे कागद काढले.

"आधी तुम्ही जाऊन या," त्या म्हणाल्या. "प्रवासी म्हणून. गाडीतून उतरायचं, चालायचं, मोजायचं. मला पाण्यात उभं राहायला जागा आहे की नाही तेवढं बघून या. नसली तर नाही लिहा. मला नाही चालेल."

भाऊ गेले. सकाळच्या गाडीनं, खिडकीची जागा, गुडघ्यावर पट्टी, टेप आणि कागद. दुसऱ्याच्या ब्रेकवर त्यांचा उजवा पाय वाटभर दाबला जात होता. गाडीतळावर उतरले तर चहावाला म्हणाला, "आज सावलीत नाही लावली?" भाऊंनी त्याला हातानंच गप्प केलं आणि झाडाच्या पलीकडे गेले.

त्रेसष्ट बरोबर होत्या. पासष्टीच्या वर वय, खाली उतरताना गुडघे बोलत होते, पण प्रत्येक पायरी त्यांनी मोजली आणि तुटलेलीपुढे कागदावर फुली मारली. वाळूत पोचले आणि तसेच पुढे गेले. पहिल्या लाटेनं बूट भरले. एकतीस वर्षं गाडीतून लोकांच्या ओल्या बुटांची वाळू झाडली, पण पाण्यात जाताना बूट काढायचे असतात हे त्या क्षणी त्यांना सुचलं नाही.

मग पायऱ्या चढून, किनाऱ्याच्या कडेनं विचारत विचारत ते मैलभर चालले. तिथे मासेमारीच्या होड्या ओढायचा सिमेंटचा उतार होता. बघण्यासारखं काही नाही, वास मारतो, सहलीची माणसं तिकडे फिरकत नाहीत. पण उतार थेट पाण्यात जात होता. भाऊ त्यावरून तीनदा वर-खाली झाले. तिसऱ्यांदा घसरून बसले.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी, दीपगृह, किल्ला आणि खोलीही बघून ते घरी आले तेव्हा विजार कमरेपर्यंत अजून दमट आणि मागे हिरवी झालेली. वहिनींनी आधी कागद मागितले.

कागदांवर नन्नाचा पाढा होता. किनारा, त्रेसष्ट पायऱ्या, नको. दीपगृह, दुरुस्तीसाठी बंद. किल्ला, दगडी वाट, खुर्ची जाणार नाही. राहायची खोली, तळमजला खरा, पण न्हाणीघराचं दार चोवीस इंच आणि खुर्ची सव्वीस. तिथे आत वॉकरनं जावं लागेल, चार पावलं. होड्यांचा उतार, अठ्ठावीस पावलं. वरची वीस कोरडी, खालच्या आठांवर शेवाळ. कठडा नाही. दोन्हीकडून धरायला माणूस हवा. ओहोटी असेल तर पाणी उताराच्या खाली जातं, मग उभं राहता येणार नाही. शेवटी लिहिलं होतं, मी इथे पडलो.

वहिनींनी सगळे कागद दोनदा वाचले. मग कागदावर नसलेला प्रश्न विचारला. "आणि कसा आहे?"

 एकतीस वर्षं ज्यावर अखंड बोलत होते, त्यावर भाऊंना शब्द सापडेना.

"आवाज फार आहे," ते शेवटी म्हणाले. "मी काचा लावून बसायचो ना. मला माहीतच नव्हतं."

वहिनींनी कागद वळवला. "इथं सही करा."

भाऊंनी केली. चष्मा न शोधता.

त्यानं सगळं जुळून आलं, असं मात्र समजू नका. मुलगी फोनवर आईला रागावली, मग एका बाजूनं धरायला यायला तयार झाली. भरतीची वेळ ऑपरेशनच्या आधीच्या एकाच दिवशी सोयीची होती, आणि त्या दिवशी कळ उठली तर सगळंच बारगळणार होतं. शेवाळासाठी भाऊंनी फळीवरचे टायरचे तुकडे उपटून पिशवीत घेतले. तिथे ते टिकतील की वाहून जातील, ते सांगणारं कुणी नव्हतं. वहिनींचा सराव पुन्हा सुरू झाला, पण आता एक मिनिटाच्या पुढे काटा जाईना. शिंपल्यांबद्दल त्या अजून एक अक्षर बोललेल्या नाहीत. चिठ्ठीही तशीच आहे.

निघायच्या सकाळी दाराशी भाड्याची मोटार उभी राहिली. आत अनोळखी ड्रायव्हर, पेपर वाचत. भाऊंनी आणि मुलीनं वहिनींना आत बसवलं, खुर्ची मिटून मागे टाकली. वहिनी खिडकीतून त्या उघड्या पडलेल्या फळीकडे बघत होत्या, तोंडावर काही दिसत नव्हतं. काकू अर्थातच खाली आल्या होत्या. आधीच्या बातमीचं नुकसान भरून काढायला त्यांना काहीतरी हवं होतंच.

"काय हो भाऊ," त्या म्हणाल्या, "जन्मभर त्याच रस्त्यावर गाडी हाकलीत, आणि आज बायकोला न्यायची तर परका ड्रायव्हर? हात कापायला लागले की काय?"

भाऊ दार लावता लावता थांबले.

"गाडीपाशी कुणीतरी थांबायला लागतं, काकू. मला या खेपेला उतरायचंय."